विहिरीतल्या उंबराची साल

आमच्या घरात हिंग पुरायचा नाही, आणि त्याचा आळ माझ्यावर होता.

"अकोल्याच्या पोरीयचा हात सैलच," असं माझ्या सासूबाई, जयवंताबाई, घरात म्हणायच्या, पिठाच्या गिरणीवर म्हणायच्या, आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत चार बायकांत माझ्यासमोर म्हणाल्या. मी वरणात नखाएवढा हिंग टाकते. तरी डबी आणली की बघता बघता तळ दिसायचा. मला राग पटकन येतो आणि आला की तोंडावर दिसतो, त्यामुळे काही केलं नसलं तरी मीच चोर वाटायचे. एकदा मी म्हटलं, उंदीर खात असतील. त्यावर त्या म्हणाल्या, हिंग खाणारा उंदीर त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नाही. यात त्यांचं बरोबर होतं.

आमचं घर वलगावच्या शिवारात, मळ्यातच आहे. सासरे सहदेवराव, सासूबाई, माझा नवरा चंदन आणि मी, एवढी चारच माणसं. वांगी, टमाटर, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि दसरा-दिवाळीला झेंडू, हे आमचं पीक. ते सगळं एका जुन्या दगडी विहिरीवर. बोअर दोनदा घेतला आणि दोनदा कोरडा गेला, म्हणून त्या विहिरीशिवाय आम्हाला दुसरं काही नाही. आणि त्या विहिरीच्या भिंतीतच उंबर उगवला होता.

काठाच्या थोडं खाली, दोन दगडांच्या सांध्यातून तो बाहेर आला होता आणि वाकून वर जाऊन विहिरीवर पसरला होता. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. ते सांगायचे की त्यांच्या लग्नात हा उंबर करंगळीएवढा होता. तेव्हा दोन बोटांनी उपटून फेकता आला असता. पण उंबर म्हणजे दत्ताचं झाड, आणि आमच्या घराण्यात उंबराला लोखंड लावत नाहीत. कुऱ्हाड नाही, विळा नाही, साधा चाकूही नाही. म्हणून तो वाढला. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याचं खोड माझ्या कवेत मावत नव्हतं. त्याची मुळं दगडांच्या फटीत शिरली तेव्हा सुतासारखी असतील. आता ती मांडीएवढी झाली होती, मधला चुना त्यांनी केव्हाच ढकलून पाडला होता, आणि त्या बाजूची भिंत विहिरीत फुगून आली होती.

मामाजी त्या फुगलेल्या भिंतीला भ्यायचे. ते तसं बोलून दाखवत नसत, पण मोटर बघायला खाली उतरून वर आले की बराच वेळ काठावर बसून राहायचे आणि सासूबाईंनी दिलेलं पाणी त्यांच्या हातात हिंदकळायचं. एकदा मला म्हणाले, "दर साली ते मूळ जाड होते, पोरी. आन दर साली दगड माह्याकडे सरकते."

तरी त्या झाडावर त्यांची भक्ती मोठी. काठापासून छातीइतक्या उंचीवर खोडाला त्यांनी भगवं कापड गुंडाळलं होतं. मी या घरात आले तेव्हा ते होतंच. दर गुरुवारी आजूबाजूच्या मळ्यांतल्या बायका येऊन त्या कापडावर तांब्याने पाणी घालायच्या. कापड बदलायचं काम मात्र मामाजी एकटेच करायचे, बायका परत गेल्यावर. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. सासूबाई कौतुकाने सांगायच्या, माह्या माणसाचा देव त्या झाडात हाय.

त्या उन्हाळ्यात उंबर फळांनी लदला. खोडाला, फांद्यांना, जिथे जागा मिळेल तिथे उंबरांचे घोसच्या घोस. मामाजींच्या वयाच्या माणसांनीही असा बहर पाहिला नव्हता. बायका म्हणाल्या, दत्त पावला. गुरुवारची गर्दी वाढली. मला मात्र तेव्हाच शंका आली, आणि ती का आली ते सांगायचं तर माझ्या माहेरचं थोडं सांगायला हवं.

माझे बाबा, पुंजाराम, अकोल्यात रोपवाटिका चालवतात. गुलाब, डाळिंब, लिंबू, पेरू. मी लहानपणापासून त्यांच्याबरोबर बसून कलमं बांधलेली आहेत. बाबा फांदीची साल नखाने उचलून आतली ओली, बुळबुळीत जागा दाखवायचे. म्हणायचे, झाड उंच होतं ते शेंड्याला, पण जाड होतं ते इथे, या पापुद्र्यात. हा पापुद्रा आतल्या अंगाला लाकडाचा थर देतो आणि बाहेरच्या अंगाला सालीचा. दरवर्षी एक थर. खोडाचं तसंच, मुळाचंही तसंच. पाणी वर चढतं लाकडातून, आणि पानांनी शिजवलेलं अन्न खाली उतरतं सालीतून. गुटी कलम बांधताना आम्ही याचाच फायदा घेतो. फांदीची साल गोल अंगठीसारखी काढून टाकायची, तिथे ओलं शेवाळ बांधायचं. पाणी वर जातच राहतं, फांदी हिरवीच राहते. पण वरचं अन्न त्या अंगठीपाशी अडतं. अंगठीच्या वरचा भाग फुगतो, ओठासारखा जाड होतो आणि तिथून पांढरी मुळं फुटतात. आणि अशी साल काढलेली फांदी फळांनी लदते, हे मी माझ्या डोळ्यांनी कितीदा तरी पाहिलं होतं.

म्हणून एका सकाळी, वांग्यांना पाणी सोडून, मी उंबरापाशी गेले. आसपास कुणी नव्हतं. खोडाकडे नीट बघितलं तर कापडाच्या वर ते जाड होतं आणि कापडाच्या खाली बारीक. उंबराचं खोड असं कधी नसतं. मी कापडाची कड वर उचलली आणि हिंगाचा भपका आला.

हिंगाचा चोर सापडल्याचा आनंद मला पळभरसुद्धा झाला नाही. आत हातभर रुंद पट्ट्यात खोडाची साल काढलेली होती, चहूबाजूंनी. उघडं पडलेलं लाकूड तपकिरी होतं आणि त्याच्या खाचांत हिंग दाबून भरलेला होता. हिंग भरला की झाड मरतं, असं आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात. हिंगाने काय झालं असेल देव जाणे, पण ती गोल सोललेली साल एकटीच पुरेशी होती. खपल्यांवरून दिसत होतं की झाडाने जखम भरायला घेतली की कुणीतरी ती पुन्हा पुन्हा खरवडली होती. वरच्या कडेला मोठा ओठ आला होता. गुरुवारच्या पाण्याने कापड सतत ओलं राहिलं होतं, आणि त्या ओठातून पांढऱ्या मुळ्यांचा झुपका लोंबत होता.

मी कापड खाली सोडलं, काठावर पालथी झोपले आणि दगडांत शिरणाऱ्या मोठ्या मुळावर नख ओढलं. बाबा रोप जिवंत आहे का हे असंच बघायचे. जिवंत असलं की नखाखाली हिरवं, ओलं लागतं. मला कोरडं, तपकिरी भुसकट लागलं. आणखी ओढलं तर सालीचा तुकडाच हातात आला. मूळ आणि वरचा दगड यांच्यामध्ये आता फट होती. तिच्यात माझं बोट गेलं. मी बोट काढलं तेव्हा एक खडा सुटला आणि खाली पाण्यात पडला. त्याचा आवाज यायला जो वेळ लागला, तेवढ्यात मला सगळं कळलं.

ते मूळ पूर्वी दगड ढकलत होतं, हे खरं. पण इतक्या वर्षांत चुना गळून गेला होता, आणि चुन्याच्या जागी मूळच बसलं होतं. भिंतीचे दगड त्याच्यावर रेलून उभे होते. जिवंत होतं तोवर ते पाण्याने टच्च भरलेलं, दगड घट्ट धरून होतं. उपाशी मेलं, पावसाळ्यात कुजलं, उन्हाळ्यात आटलं. भिंतीला आता कुणी धरलेलं नव्हतं. मागच्या मातीतली थोडी मुळं आणि कापडातल्या ओल्या मुळ्या अजून पाणी वर चढवत होत्या, म्हणून वर झाड हिरवंगार, फळांनी भरलेलं, आणि कुणाला शंकाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी विहिरीतला गाळ काढायचा होता. भाड्याने आणलेली खुशालरावांची यारी, म्हणजे गाळ वर ओढायचं लोखंडी तिकाटणं आणि त्याचं इंजिन, बांधावर येऊन पडली होती. तळात चंदन उतरणार होता.

दुपारी त्याच्या ताटात भाकर वाढताना मी त्याला सांगितलं. चंदन शांत माणूस आहे, सगळं ऐकून घेतो. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "साल कोनं काढली मंग?"

"कापड कोन बदलते, ते तुमाले ठाऊक हाय," मी म्हटलं.

त्याचा घास हातातच राहिला. "बापाले चोर ठरवून राह्यली का तू? दत्तजयंतीले जो मानूस त्या झाडापुढं लोटांगन घालते, तो त्याची साल काढन?"

"चालून पाहा ना. कापड उचलून पाहा."

"मी नाई लावत त्या कापडाले हात. आन झाड पाह्य करिश्मा, कसं लदलं हाय. मेलेलं झाड असं दिसते का?" असं म्हणून तो हात धुवायला उठला. मला त्याचा राग आला, आणि रागाच्या खाली इतकी भीती वाटली की भांडी घासताना हातातून परात सुटली. सासूबाई आतून म्हणाल्या, भांडे तरी ठेव शाबूत.

मी बाबांना फोन केला. ते रोपांना पाणी घालत होते, नळीचा आवाज येत होता. मी सांगत गेले तसा तो आवाज बंद झाला.

"मूळ नखानं खरवडलं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"हिरवं लागलं?"

"नाई, बाबा. भुसकट हाय."

"मंग जावयाले उतरू देऊ नको," बाबा म्हणाले. "पाया पड, भांडन कर, काई कर. उतरू देऊ नको."

मामाजी वांग्याच्या वाफ्यात होते. मी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. सासऱ्यांपुढे मी कधी आवाज चढवलेला नाही, तेव्हाही चढवला नाही. म्हटलं, "मामाजी, मी कापडाखाली पाह्यलं."

ते खाली बसले. पहिल्यांदा म्हणाले, काय पाहिलं, कोणतं कापड. मग वाफ्यातली माती उगाच कुस्करत राहिले. शेवटी म्हणाले, "लोखंड लावलं नाई मी. देवापुढच्या नारळाची करवंटी घेतली, तिच्यानंच सोललं. मंग झाड आपलं आपन वाळलं तं त्याच्यात पाप नाई."

"काहून केलं, मामाजी?"

"त्या मुळाले मी भेतो, पोरी. माह्या जागी आता चंदन उतरते. भिंत त्याच्या अंगावर आली तं मी कोनाकडं पाहू?" त्यांचे डोळे भरून आले. "झाड मेलं की मूळ जाड होनार नाई. जाड झालं नाई की दगड सरकनार नाई. बस, एवढंच."

मी त्यांना समजावलं. मूळच आता दगड धरून होतं, ते मेल्यामुळे भिंत सुटली आहे, खडे पडत आहेत, माझं बोट फटीत गेलं. ते मान हलवत राहिले. मेलेलं मूळ काय करते, हे त्यांचं एकच पालुपद. मी म्हटलं, मग निदान चंदनला खरं सांगा आणि उद्याचं काम थांबवा.

"काय म्हनून थांबवू? टमाटर वाळून राह्यलं. खुशालराव विचारन, काहून, तं काय सांगू? दत्ताचं झाड मी मारलं म्हनून?" मग एकदम हात जोडले. "चंदनले सांगू नको. मी पाह्यतो काय कराचं ते."

वडिलांच्या वयाच्या माणसाने हात जोडल्यावर मी काय बोलणार. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, खरं तर ठेवायचा प्रयत्न केला. त्या रात्री डोळा लागला नाही, आणि चंदन मात्र शेजारी शांत घोरत होता.

सकाळी यारी काठावर उभी राहिली. मामाजींनी काही पाहिलं नव्हतं आणि काही केलं नव्हतं. उलट पूजेचं ताट घेऊन तेच पुढे होते. गुरुवार होता, त्यामुळे तांबे घेऊन आलेल्या बायकाही थांबल्या होत्या. मामाजींनी नारळ फोडला, पण पहिल्या फटक्यात तो फुटला नाही. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

खुशालरावांनी इंजिन सुरू केलं. जमीन पायाखाली थरथरायला लागली. चंदन कमरेला दोर बांधून लोखंडी बादलीत एक पाय टाकत होता, आणि मला इंजिनाच्या आवाजातही तो आवाज ऐकू आला. एक खडा पाण्यात पडला. मग दुसरा.

मी धावत गेले आणि उंबराचं कापड दोन्ही हातांनी ओढून काढलं.

बायका मागे सरकल्या. एकीच्या हातातला तांब्या पडला. सासूबाई ओरडल्या नाहीत, त्यांचा आवाज उलट बसला. "करिश्मा, काय करून राह्यली तू? देवाचं कापड हाय ते."

"आतून पाहा," मी म्हटलं. "झाड सोललं हाय. खालची मुळं मेली हायेत. भिंतीले काईच आधार नाई. ह्यांना उतरू देऊ नका."

खुशालरावांनी इंजिन बंद केलं आणि जवळ येऊन बघितलं. सोललेल्या पट्ट्यावरून त्यांनी बोट फिरवलं, मग ते बोट नाकाशी नेलं. "हिंग हाय," ते म्हणाले. पांढऱ्या मुळ्यांचा झुपका बघून मात्र त्यांनीही हात मागे घेतला. "कोनं केलं हे?"

मी मामाजींकडे बघितलं. ते फुटलेल्या नारळाकडे बघत होते.

मग माझ्या मागून एक बाई हळूच दुसरीला म्हणाली, "कलमावाल्याची पोरगी हाय ना हे? असं सोलाचं त्याइलेच येते." आणि दुसरी म्हणाली, "आन हिंगाचं तं जयवंताबाई सालभरापासून सांगून राह्यली."

सगळ्या नजरा माझ्यावर होत्या, सासूबाईंचीही. गिरणीवर सांगितलेली, पंगतीत सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यांना आता आठवत असणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चंदन बादलीत एक पाय ठेवून तसाच उभा होता. त्याच्या कमरेचा दोर अजून सुटलेला नव्हता.

"हे काय लावलं तू सकायपासून?" तो मला म्हणाला. "खुशालराव, चालू करा इंजिन. गाळ काढू, मंग पाहू झाडाचं."

खरं सांगायला आणखी बोलावं लागलं असतं, आणि मामाजींनी नाही म्हटलं असतं तर माझ्या शब्दाला कुणी विचारलं नसतं. तेवढ्या वेळात तो खाली गेला असता. म्हणून मी म्हटलं, "हो, मीच केलं."

चंदन थांबला.

"मीच सोललं, मीच हिंग भरला. मूळ कितीक कुजलं ते मले ठाऊक हाय, म्हनून सांगून राह्यली. तुमी उतरले तं वर येनार नाई." माझा आवाज फाटला होता आणि मला रडू यायला लागलं होतं, आणि ते रडू खोटं नव्हतं. "मले घरातून काढा, काई करा. पन त्या बादलीतून पाय काढा."

त्याने पाय काढला. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणी परकी बाई आहे. मग दोर सोडून तो माझ्याकडे चालत आला. काय बोलणार होता, मारणार होता की काय, मला अजून माहीत नाही, आणि मी त्याला विचारलेलंही नाही. कारण तो काठापासून थोडा दूर आला आणि विहिरीत काहीतरी मोठं पडलं. पाणी उसळून वर आलं.

मग दगड पडायला लागले. आधी एकेक, मग सगळे मिळून. फुगलेली भिंत आत बसली आणि तिच्याबरोबर काठही निघाला. खुशालरावांनी ओरडून सगळ्यांना मागे घेतलं. यारीचा एक पाय अधांतरी झाला आणि ती रिकामी बादली साखळीसकट खाली गेली. त्या बादलीकडे मी बघू शकले नाही, मातीतच खाली बसले. उंबर सावकाश विहिरीवर आडवा झाला. त्याच्या फांद्या पलीकडच्या काठाला अडकल्या आणि पिकलेली उंबरं पाण्यात टपटप पडत राहिली. पानं हिरवीगार होती.

मामाजी जागचे हलले नव्हते. काठ त्यांच्या पायाशी येऊन थांबला होता. चंदनने त्यांना खांद्याला धरून ओढून आणलं, तेव्हा ते त्याच्या छातीवर, तोंडावर, हातांवर हात फिरवत राहिले, तो पुरता आहे की नाही हे बघावं तसे.

"तिनं नाई," ते म्हणाले. इतक्या हळू, की चंदनला खाली वाकावं लागलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "सुनेनं नाई केलं. म्या केलं. करवंटीनं सोललं. लोखंड लावलं नाई म्या."

सासूबाई नवऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"आन हिंग?" त्यांनी विचारलं.

मामाजींनी मान खाली घातली. सासूबाई वळल्या, माझ्याजवळ आल्या आणि मातीतच माझ्या शेजारी बसल्या. माझा हात त्यांनी धरला आणि बराच वेळ सोडला नाही. चंदन उभाच होता. त्याच्या दाढीत धूळ होती आणि तो विहिरीकडे बघत होता, जिथे तो आता असला असता.

दुपारपर्यंत माणसं येत-जात राहिली. खुशालरावांनी दुसऱ्या साखळीने उंबर ओढून शेतात घेतला. तो आडवा पडला होता आणि ओठाखालच्या पांढऱ्या मुळ्या उन्हात मलूल व्हायला लागल्या होत्या. मी त्यांच्यावर ओलं कापड टाकलं, तेच भगवं कापड. आणि चंदनला म्हटलं, इथे ओठाच्या खाली कापलं आणि वरच्या फांद्या छाटून लगेच खड्ड्यात उभं केलं, तर हे झाड जगेल. माहेरी आम्ही करतो त्या गुटीसारखंच आहे, फक्त मोठं.

"कापाचं म्हंजे?" चंदन म्हणाला. "कायनं?"

मी घरातून करवत आणली. पण ती हातात घेऊन उभी राहिले, तेव्हा तिथे असलेला एकही माणूस पुढे झाला नाही. चंदनही नाही. माझाही हात पुढे होईना. इतकं झाल्यावरही उंबराला लोखंड लावायची छाती कुणाची होईना, आणि मुळ्या सुकत होत्या.

मामाजी सकाळपासून बाभळीखाली बसले होते. ते उठले, आले, आणि त्यांनी माझ्या हातातून करवत घेतली. करवतीच्या पात्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"कुठून?" त्यांनी मला विचारलं.

मी ओठाखालची जागा बोटाने दाखवली. चंदनने खोड दोन्ही हातांनी धरलं, आणि मामाजी गुडघे टेकून कापायला लागले.